शांतम्मक्कांची अणबे

सोलापुरात भवानी पेठेतल्या शांतम्मक्कांच्या दुकानाला पाटी नाही. दारातून कडक भाकऱ्यांच्या थप्प्या दिसतात, तेवढं पुरतं. थापायला आणि भाजायला हाताखाली बायका आहेत, पण तव्यावरून उतरलेली भाकरी मंद आचेवर ठेवून कडक करायचं काम अक्का अजून स्वतःच करतात. वय साठीच्या पुढे गेलं आहे आणि एक मोठा आजार अंगावरून गेला आहे, तरी ती जागा त्यांनी सोडलेली नाही.

त्या लग्न होऊन आमच्या गल्लीत आल्या तेव्हा मी शाळेत होतो. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे मराठी येत नव्हतं. दुकानावर गिऱ्हाइकांशी भांडत भांडत त्या मराठी शिकल्या, आणि म्हणून त्यांच्या मराठीत भांडणाचे शब्द जास्त पक्के आहेत. एकदा अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि माणसं दारापुढची शेगडी उचलायला लागली. अक्का सरळ शेगडीवर जाऊन बसल्या. शेगडी नुकतीच विझवलेली होती. म्हणाल्या, "उचला की. माझ्यासकट उचला. फक्त लवकर उचला, खालनं चटका बसायलाय." गाडीवरची माणसंच हसायला लागली आणि शेगडी जागेवर राहिली.

हे सांगायचं कारण, ही बाई घाबरट नव्हती. यजमान सिद्धप्पा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, ते तरुणपणीच गेले. अक्कांनी एकटीनं मुलगी वाढवली, शिकवली, परदेशी पाठवली. आमच्या गल्लीत वीरशैवांचं एक लहानसं शिवानुभव मंडळ आहे. मी त्याचा चिटणीस होतो. तिथं श्रावणातल्या सोमवारी भजनाला पहिला सूर अक्काच लावायच्या. मंडळातल्या सावित्रम्मा पेटी धरायच्या आणि अक्का डोळे मिटून सुरू करायच्या. तो आवाज ऐकायला पेठेबाहेरची माणसं येत.

मग आजार आला. गर्भाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, सलाइनमधून द्यायची औषधं झाली, केस गेले आणि परत आले. डॉक्टर म्हणाले, आता ठीक आहे, मधूनमधून तपासायला या. घरच्यांनी पेढे वाटले. आणि त्यानंतर अक्का बिघडल्या.

आजार असताना त्या खंबीर होत्या, तो गेल्यावर भीतीनं त्यांना धरलं. झोप उडाली. भजनाला येणं बंद झालं. मुलीच्या फोनला हूं हूं करायच्या. आमच्यात रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्याकडे एकटक बघत पूजा करतात. अक्का बसायच्या, पण हात थरथरायचा. लिंग पडेल म्हणून उजव्या हातानं मनगट धरायच्या. विचारलं तर खांदा दुखतोय म्हणायच्या. बाजारातून येताना आमच्या समाजाची रुद्रभूमी लागते, म्हणजे दफनाची जागा. तो रस्ता त्यांनी टाकला. रिक्षावाल्याला मोठा वळसा घ्यायला लावायच्या. मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप थोडी आली. भीती मात्र जागची हलली नाही.

ती कशाची होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला पुष्कळ नंतर सांगितलं, ते इथंच लिहून टाकतो. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. सजवलेल्या खुर्चीत बसवून नेतात, तिला विमान म्हणतात. खड्ड्यातही मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग देतात, भोवती मीठ, विभूती आणि बेलाची पानं भरतात आणि मग माती लोटतात. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. पण ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढताना अक्कांना एकाएकी वाटलं, आपण खड्ड्यात बसलोय, जाग आहे, आणि वरून माती येतेय. त्या दिवसापासून डोळे मिटले की तेच. पूजेला बसलं की तेच, कारण मांडीही तीच आणि तळहातही तोच. ज्या बाईनं जन्मभर लिंगपूजा केली तिला पूजेचीच धडकी भरायला लागली. हे कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगणार?

मुलगी शिवलीला नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. तिनं आईला थोड्या दिवसांसाठी बोलावून घेतलं. आईची अवस्था बघून तिनं तिकडच्या डॉक्टरांशी बोलणं केलं. तिच्या कचेरीतल्या एकीच्या आईलाही कॅन्सरनंतर अशीच मरणाची भीती बसली होती आणि त्या बाईंनी एका जातीच्या अळंबीचा उपाय करून घेतला होता. या अळंबीत मनावर परिणाम करणारं द्रव्य असतं आणि त्यावर मोठमोठ्या विद्यापीठांत अभ्यास चालू आहे, असं शिवलीलानं मला फोनवर समजावून सांगितलं. त्या देशात जमिनीवर उगवणाऱ्या त्या छत्र्यांना बंदी आहे, पण त्याच अळंबीची जमिनीखाली धरणारी गाठ विकायला आणि खायला मोकळीक आहे. कायदा असा का, हे मी विचारलं नाही. कायदे तसे असतात, हे मला नोकरीत कळलेलं आहे.

अक्कांपुढे अडचण वेगळी होती. अळंबीला आमच्या घरांत कानडीतलं नाव आहे, अणबे. आणि अणबे आमच्या घरांत शिजत नाही. मटणासारखी लागते म्हणून सोवळी माणसं तिला हात लावत नाहीत, आणि पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते तिला तर पोरंसुद्धा कुत्र्याची छत्री म्हणून लाथाडतात. अक्कांनी आधी साफ नकार दिला. मग उपाय करून देणारी बाई, तिचं नाव मारिके, घरी आली. तिनं अणबेचं नावही काढलं नाही. तिनं एवढंच विचारलं की तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते. शिवलीला मध्ये बसून भाषांतर करत होती. अक्कांनी त्या परक्या बाईला खड्ड्याचं सांगितलं. ते ऐकून भाषांतर करता करता शिवलीला रडायला लागली, कारण तीही पहिल्यांदाच ऐकत होती. अक्का मला म्हणाल्या, ज्या दिवशी पोरीला रडताना बघितलं, त्या दिवशी ठरवलं की विटाळ झाला तर होऊ दे.

हृदयाची तपासणी झाली, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच बंद केल्या. मग एका सकाळी मारिकेनं त्या गाठी दिल्या. अक्कांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि खाल्ल्या.

पुढचं मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहितो. सुरुवात वाईट होती. खोलीच्या भिंती जवळ यायला लागल्या, मग भिंतींची माती झाली आणि अक्का खड्ड्यात होत्या, मांडी घालून. त्या कानडीत ओरडल्या, मला वर काढा. मारिके पायाशी बसून होती, तिनं दोन्ही पावलं धरून ठेवली. शिवलीलानं हात धरला. दोघींपैकी कुणीही वर काढलं नाही. माती छातीपर्यंत आली, गळ्यापर्यंत आली, मग तोंडावर आली. आणि मग अक्कांना कळलं की ती गरम आहे. थंड नाही, गरम. पिठात उकळतं पाणी घालून हात लावावा तशी. आणि ती मऊ होती, आणि हलत होती. कुणीतरी त्यांना मळत होतं. मनगटापासून, खांद्यापासून, जिथं टाके पडले होते त्या पोटापासून, सावकाश. त्यांना रडू आलं आणि ते दिवसभर येत राहिलं. मधेच त्या हसल्याही. शिवलीला म्हणते, आई एवढ्या मोठ्यानं हसलेली मी कधी ऐकली नव्हती. संध्याकाळी उठून त्यांनी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्या तेव्हा हात स्थिर होता.

कॅन्सर त्यानं गेला असं कुणी म्हणालं नाही, अक्का तर नाहीच. तपासणीची तारीख जवळ आली की अजूनही त्यांना धाकधूक होते. पण ती सगळ्यांना होते तेवढी.

सोलापूरला परतल्यावर त्या मंडळात आल्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे शिवानुभव असतो. कुणीही उठून आपला अनुभव सांगावा. त्याचे जुने नेम आहेत. अनुभव सांगायचा, तो कशानं आला ते सांगायचं नाही. मी एवढा जप केला, इतके उपवास केले, असं सांगण्यात अहंकार येतो म्हणून. आणि ऐकणाऱ्यांनी त्या दिवशी प्रश्न विचारायचा नाही. बोलणाऱ्याला ज्येष्ठांनी विभूती लावायची, सगळ्यांनी शरणू शरणार्थी म्हणून नमस्कार करायचा आणि घरी जायचं. प्रश्न पुढच्या बैठकीत.

अक्कांनी नेम पाळला. खड्डा, माती, मळणारे हात, एवढंच सांगितलं. अणबे सांगितली नाही, कारण ते सांगायचंच नसतं. मी तेव्हा मंडळाच्या हॉलमध्ये होतो. सावित्रम्मांनी पदर तोंडात धरला होता. आमचे अध्यक्ष महेश्वरअण्णा, चादरींचे व्यापारी, शांत माणूस, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. हॉलमध्ये प्रत्येकानं रिकामी जागा आपापल्या परीनं भरून घेतली. परदेशात, लेकीच्या घरी, लिंगपूजेत असताना अक्कांना साक्षात्कार झाला. त्यांनी वेगळं काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळपासून दुकानावर माणसं यायला लागली. आधी अक्कांना कळेना. एक बाई लहान बाळ घेऊन आली आणि ते त्यांच्या पायावर घातलं. एकानं नारळ ठेवला. भाकरी घेणाऱ्यांपेक्षा पाया पडणारे वाढले. अक्का ओरडायच्या, "अगं सरक की, तवा हाय हितं." त्यावरही माणसं हात जोडायची. ओरडणंही आता कृपा झालं होतं.

महेश्वरअण्णांनी मला सांगितलं की मंडळाच्या श्रावण पुस्तिकेत अक्कांचा अनुभव पहिल्या पानावर घ्यायचा आणि पहिल्या सोमवारी त्यांचा सत्कार करायचा. लिहायचं काम माझं. मी वही घेऊन दुकानात गेलो. अक्कांनी सगळं सांगितलं, अणबेसकट. मी पेन थांबवलं. हे छापायचं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तोंडानं सांगताना नेम होता, छापताना कसला नेम. लोक पाया पडायला लागलेत, त्यांना ठाऊक असायला हवं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. जमेची बाजू लिहायची आणि दुसरी सोडायची, हे मला शिकवलेलं नाही. मी सगळं लिहून महेश्वरअण्णांकडे दिलं.

अण्णांनी ते वाचलं आणि अणबेच्या परिच्छेदांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, हे परिच्छेद काढा. कशाला काढायचे, असं मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. अण्णांचा धाकटा मुलगा नशेच्या गोळ्यांच्या नादाला लागला होता. आता तो लांबच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि अण्णांसमोर कुणी त्याचं नाव काढत नाही. ज्याच्या घरात हे झालं आहे त्याला असलं पान छापायला सांगणं सोपं नव्हतं. तरी मी म्हणालो की अक्कांना विचारल्याशिवाय एक शब्द काढणार नाही. अण्णा स्वतः दुकानावर गेले. अक्कांनी त्यांना बसायला पाट दिला, ताक दिलं आणि नाही म्हणाल्या.

गोष्ट फुटली ती तिथूनच. आठवड्याच्या आत पाया पडणारे बंद झाले. बाळ घालून गेलेली बाई दुसऱ्या बाजूनं तोंड वळवून जायला लागली. कोपऱ्यावरच्या पोरांनी अक्कांना छत्रीवाली अक्का असं नाव पाडलं. त्या जाताना एकजण मुद्दाम दुसऱ्याला म्हणायचा, "काय बे, पाऊस नाही तरी छत्री निघाली." अक्का थांबून म्हणाल्या, "तुझ्या आजीला इचार, ऑपरेशनला जाताना तिनं माझाच हात धरला हुता." पोरं पांगली, पण नाव राहिलं.

याच दिवसांत पुण्याहून एक सयाजी नावाचा तरुण मोटार घेऊन आला. उंची कपडे, गोड बोलणं. त्याला कुठून कळलं देव जाणे. कुठल्याशा शेतघरात तो आत्मशोधाची शिबिरं घेतो म्हणे, तिथं गुपचूप हीच अळंबी देतात. त्याला अक्कांचा फोटो आणि चार शब्द हवे होते. सोलापूरच्या साध्या भाकरीवाल्या आजी, असं काहीतरी. अक्कांनी त्याला विचारलं, खाणाऱ्याचं काळीज कोण तपासतं? कुठल्या गोळ्या चालू आहेत ते कोण विचारतं? माणूस ओरडायला लागला तर पायाशी कोण बसतं? तो म्हणाला, सगळं मॅनेज होतं, काकू. आणि कायदा? तेही मॅनेज होतं. अक्का म्हणाल्या, "मग तू मला नको. भ्यालेल्या माणसाच्या उशाशी लबाड माणूस बसायला नको. भाकरी घ्यायची आसली तर घे, न्हाय तर गाडी काढ, गिऱ्हाईक खोळंबलंय." त्यानं भाकरी घेतली नाही.

मला वाटलं, निदान हे ऐकून मंडळ शांत होईल. उलट झालं. पुण्याची गाडी दुकानापुढे थांबली होती, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुढचा शिवानुभव श्रावणाच्या आदल्या रविवारी होता. प्रश्नांचा दिवस. अक्कांनी माघार घेतली नाही तर पहिला सूर सावित्रम्मांना द्यायचा, हे कार्यकारिणीत आधीच ठरलं होतं. हॉल भरला होता. अक्का नेहमीच्या जागी येऊन बसल्या. महेश्वरअण्णांनी फार सांभाळून विचारलं. त्यांना अक्कांना वाट काढून द्यायची होती, हे मला दिसत होतं.

"अक्का, तुम्ही तिकडेसुद्धा लिंगपूजा करत होता ना?"

"करत हुते की. हात कापायचा, तरी करत हुते."

"मग हा अनुभव पूजेचाच म्हणायला काय हरकत आहे? तुमच्या मनात तसंच असेल."

"पूजा मी हितंबी रोज करत हुते, अण्णा. भीती गेली न्हाय. अणबे खाल्ली त्या दिवशी गेली. आता ह्यात शिवाचा हात किती, अणबेचा किती आन पोरीनं हात धरला त्याचा किती, हे मला वाटून सांगता यायचं न्हाय. पण अणबे न्हवतीच, असं मी म्हणणार न्हाय."

"आमच्या पोरांनी हे ऐकलं तर?" अण्णांचा आवाज फाटला. "नशेनं देव भेटतो, असं शांतम्मक्का म्हणाल्या, असंच ते सांगत सुटतील."

सगळ्यांना ठाऊक होतं ते कुठल्या पोराबद्दल बोलत आहेत. अक्कांचा आवाज खाली आला. "देव भेटला असं मी कवा म्हणाले? भीती गेली म्हणाले. पोरांना समदं सांगा की. म्हातारीला मरणाचं भ्या हुतं, डॉक्टरनं तपासली, जितं कायद्यानं चालतं तितं खाल्ली, दोन बाया दिवसभर हलल्या न्हाईत, आन आधी ती ढसाढसा रडली. एवढं समदं ऐकून गच्चीवर चोरून खायची हौस कुणाला व्हईल? अर्धं लपवलं की उरलेलं अर्धं पोरं शोधत बसत्यात. तुमाला मी शिकवायला नको, अण्णा."

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कार्यकारिणीतले गुंडप्पा उठले. ते म्हणाले, ज्यांना मंडळाची रीत मानवत नाही त्यांनी मंडळाकडून काही अपेक्षाही ठेवू नये. उद्या अक्कांची वेळ आली तर विमान उचलायला इथली माणसं येतील असं समजू नये.

मी उभा राहिलो. असा बहिष्कार घालणं कायद्यानं गुन्हा आहे, हे बोलायला सुरुवात केली. अक्कांनी हातानंच मला खाली बसवलं. ज्या गोष्टीनं त्यांची झोप उडवली होती, तीच आता कुणीतरी त्यांच्या तोंडावर फेकली होती. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता, स्थिर.

"नगा उचलू, गुंडप्पा," त्या म्हणाल्या. "विमान न्हाई मिळालं तर हातगाड्यावर न्या. बसवायला कुणी न्हाई आलं तर आडवी घाला. मातीला काय कळतंय, कोण बसलंय आन कोण झोपलंय? मी ती माती बघून आलेय. तुमी दुसरं काय भ्या दाखवणार मला?"

मग त्या उठल्या, सावित्रम्मांपाशी गेल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की सोमवारी पहिला सूर जरा खालून लाव, तुला वरचा पोचत नाही. आणि बाहेर पडल्या. पायात चपला घालायला वेळ घेतला, घाई केली नाही.

त्या श्रावणात सावित्रम्मांनी सूर लावला. पुस्तिका अक्कांच्या पानाशिवाय निघाली. ती मी काढली नाही, दुसऱ्यांनी काढली, आणि चिटणीसपद मी सोडलं. गल्लीतल्या काही घरांनी अक्कांकडून भाकरी घेणं थांबवलं. अक्कांनी दुकानाचं तोंड फिरवलं नाही की आवाज कमी केला नाही. एक बदल मात्र झाला. बाजारातून येताना त्या पुन्हा रुद्रभूमीच्या रस्त्यानं यायला लागल्या. रिक्षा फाटकाशी थांबवून आत जायच्या. आमच्यात बायका तिथं सहसा जात नाहीत. त्या सिद्धप्पांच्या समाधीजवळ बसायच्या, गवत उपटायच्या आणि कधी कधी गायच्या. राखणदारानं कुणाला तरी सांगितलं, त्यानं मंडळात सांगितलं. मंडळाला त्यावर काय ठराव करावा ते सुचलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी महेश्वरअण्णा दुकानासमोर येऊन उभे राहिले. मी तिथंच बाकावर होतो. अण्णांच्या आई, नागम्मा, अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्या दिवसभर ओरडायच्या, मला नेऊ नका, मला त्यात बसवू नका. आमच्यातले पुरोहित, जंगमस्वामी, येऊन गेले, मुलंसुना समजावून थकल्या. आणि दोन दिवसांपासून त्या एकच नाव घेत होत्या, शांतम्माला बोलवा.

अण्णांनी हे सगळं रस्त्याकडे बघत सांगितलं. मग म्हणाले, "याल का? फक्त ते अणबेचं तेवढं आईपुढे काढू नका."

"येते," अक्का म्हणाल्या. "पण तिनं इचारलं तर सांगणार."

अण्णा वळले. मला वाटलं ते जातील. अक्काही मनवायला गेल्या नाहीत, हातातलं काम करत राहिल्या. शेवटी अण्णा म्हणाले, "चला."

नागम्मांनी पहिल्याच दिवशी विचारलं. कान बहिरे झाले होते, त्यामुळे अक्कांना मोठ्यानं सांगावं लागलं, आणि घरभर ऐकू गेलं. अणबे खाल्ली, खड्ड्यात बसले, माती गरम होती. नागम्मा म्हणाल्या, मग मलाही आण की. अक्का म्हणाल्या, "हितं चालत न्हाई ते, आत्या. आन तुमचं काळीजबी आता तेवढं दणकट न्हाई. अणबे न्हाई आणली, पण मी आलेय की. ओरडा तुमी, मी पाय धरून बसते." आणि त्या पायाशी बसल्या. दुकान हाताखालच्या बायकांवर टाकून रोज दुपारी जाऊन बसत राहिल्या. नागम्मांची भीती गेली असं मी लिहिणार नाही, ते मला ठाऊक नाही. ओरडणं थांबलं, हे खरं. शेवटच्या दिवसांत त्या अक्कांना मातीचं पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या, आणि महेश्वरअण्णा दारात उभे राहून ऐकायचे.

नागम्मांचं विमान उचललं तेव्हा अक्का रुद्रभूमीपर्यंत चालत गेल्या. गुंडप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. कुणी अडवलं नाही.

नागम्मांचे दिवस झाल्यावर अण्णा पुन्हा दुकानावर आले. म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ, पुढच्या श्रावणात तुम्ही परत यायचं, पहिला सूर तुमचाच.

"झालं गेलं इसरायचं आसलं तर मी कशाला येऊ?" अक्का म्हणाल्या. "माझं पान आधी छापा. मग बोलवा. न्हाई तर सावित्रम्मा गातेच की, आता तिला बरं जमायला लागलंय."

अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बघतो म्हणाले. अजून बघत आहेत. मंडळाकडून बोलावणं आलेलं नाही आणि अक्कांनी एक शब्द मागे घेतलेला नाही.

हे लिखाण मी पुरं केल्यावर त्यांना दुकानात बसून वाचून दाखवलं. गिऱ्हाईक होतं म्हणून मी जरा आवाज खाली आणला, तर त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं. एका ठिकाणी मी सभ्य दिसावं म्हणून कंदमूळ असं लिहिलं होतं. त्यांनी वाचन तिथंच थांबवलं. ते खोडा म्हणाल्या, आणि माझ्यासमोर उभं राहून, मी खोडून तिथं अणबे लिहिपर्यंत, त्यांनी गिऱ्हाइकाला भाकरी दिली नाही.